निजामाचं बावन्न : एका अभिलेख कक्षातल्या हरवलेल्या नोंदवहीचं प्रकरण

प्रकरण मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयातलं आहे. तालुक्याचं, गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. जिथे नावाशिवाय भागत नाही तिथे बदललेलं आहे. मी त्या वेळी तिथे अव्वल कारकून होतो. या प्रकरणातली पहिली चूक माझ्या हातची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

महसूल खात्यात अभिलेख कक्षात बदली झाली की लोक अभिनंदन करत नाहीत. "काय भांडण झालं साहेबांशी?" असंच विचारतात. सविता (नाव बदललेलं) २०२१ मध्ये तिथे आली तेव्हा तिलाही हाच प्रश्न ऐकावा लागला. नोकरीला चार वर्षं झाली होती, ती सगळी आवक-जावक आणि संजय गांधी योजनेच्या टेबलावर गेलेली. फाइल तिच्या लेखी टेबलावर येणारी आणि टेबलावरून जाणारी गोष्ट होती. टेबलावरून गेल्यावर ती कुठे राहते, हे तिने पाहिलेलं नव्हतं.

कक्षाच्या दोन खोल्या. एका खोलीच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल यायची. लोखंडी रॅकवर कापडात बांधलेले बस्ते, काहींवर कागदी चिठ्ठ्या, काहींवर नुसते खडूचे आकडे. एक अनुक्रमणिका होती, पण ती बहुतेक १९९९ नंतरची. त्या वर्षी राज्यात बरेच नवे तालुके झाले. आमच्या तालुक्याचीही काही गावं शेजारच्या नव्या तालुक्यात गेली, त्यांचं दप्तर यादी करून तिकडे पाठवलं आणि उरलेल्या बस्त्यांना नवे क्रमांक पडले.

खरी अनुक्रमणिका दप्तरबंद मामांच्या डोक्यात होती. तीसेक वर्षं त्यांनी हेच बस्ते बांधले आणि सोडले. गावाचं नाव आणि साल सांगितलं की ते उत्तरही न देता उठायचे आणि थेट रॅकपाशी जायचे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पिढीच्या पिढी १ जूनला जन्माला घातली, त्यामुळे आमच्याकडे निम्मं कार्यालय ३१ मेला निवृत्त होतं. मामाही असेच एका ३१ मेला शाल-नारळ घेऊन गेले. कक्षाचा ताबा दिल्या-घेतल्याच्या कागदावर बस्त्यांची संख्या लिहिली होती आणि खाली सह्या होत्या. संख्या बरोबर होती.

कागदपत्रांच्या वर्गवारीचा तक्ता आमच्या भिंतीवर होताच. 'अ' वर्ग कायम, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' १ वर्ष. अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दप्तराची शिस्त लावली. त्या लखीना पॅटर्नचं आणि सहा गठ्ठा पद्धतीचं प्रशिक्षण आम्हा सगळ्यांनी कधी ना कधी घेतलेलं. तक्ता मात्र टेबलांच्या खोलीत टांगलेला होता. कक्षात टांगायला भिंत रिकामी नव्हती.

प्रश्न

२०२२ च्या जूनमध्ये जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचं पत्र आलं. इतर मागासवर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात अर्जदाराने १९८६ ची एक नक्कल जोडली होती. आमच्याच कार्यालयाने दिलेली, आमच्याच शिक्क्याची. त्यात विद्यार्थ्याच्या आजोबांच्या थोरल्या भावाची जन्मनोंद होती, साल १९४३, जातीच्या रकान्यासह. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि रक्तनात्यातल्या माणसाची नोंद चालते. म्हणजे कागद सोन्यासारखा होता. पथकाला फक्त मूळ नोंदवही पाहायची होती.

घोळ असा की याच कुटुंबाने २०१९ मध्ये थोरल्या मुलीसाठी नक्कल मागितली होती. तेव्हा आम्ही लेखी कळवलं होतं : "सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही." ते उत्तर मी तयार केलं होतं. अनुक्रमणिका उघडली, त्या गावाची सर्वांत जुनी जन्म-मृत्यू नोंदवही सन १९५२ ते १९६२ अशी दिसली, १९४३ ची नाही म्हणून लिहून टाकलं. जेवणाच्या सुट्टीआधीचं काम.

आता समितीपुढे एकाच कार्यालयाचे दोन कागद होते. १९८६ मध्ये आम्ही म्हणत होतो, या नोंदवहीतून ही नक्कल दिली. २०१९ मध्ये म्हणत होतो, अशी नोंदवहीच नाही. जात प्रमाणपत्राच्या २००० च्या कायद्यानुसार पुराव्याचा भार अर्जदारावर असतो. त्यामुळे आमच्या दोन कागदांत संशय कुणावर जाणार हे उघड होतं. मुलाचे वडील कार्यालयात आले तेव्हा आवाज चढवून बोलले नाहीत. नक्कल टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "ताई, ही खोटी असेल तर तसं लिहून द्या. पण मग शिक्का कुणाचा ते पण लिहा."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांनाच सुचला आणि तो बोलूनही दाखवला गेला : २०१९ चं उत्तर कायम ठेवायचं. कार्यालयाची भूमिका बदलत नाही, कुणावर ठपका येत नाही. खरं सांगायचं तर माझा कल तिकडेच होता.

दुसरा पर्याय, नोंदवही गहाळ झाल्याचं मान्य करायचं, जबाबदारी निश्चित करायची, गरज पडल्यास पोलिसांत तक्रार द्यायची. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम इथे हलका नाही. अभिलेख बेकायदा नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गहाळ म्हणायलाही आधी शोध घेतल्याचं दाखवावं लागतं. शिवाय जमिनीची फाइल एक वेळ इतर कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभी करता येते, जन्मनोंदवही कशावरून करणार?

तिसरा पर्याय, सगळे बस्ते एकेक करून सोडायचे. माणसं दोन, त्यातला एक शिपाई निवडणुकीच्या कामाला जोडलेला. पावसाळा तोंडावर.

सविताने चौथी गोष्ट मांडली, आणि ती मांडताना तिला स्वतःलाही खात्री नव्हती. नोंदवही शोधायच्या आधी १९८६ मध्ये ती कुणी आणि कुठून काढली, ते शोधू या. नकलेच्या मागे अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख आणि नक्कल दिल्याची तारीख होती. म्हणजे नक्कल अर्जांची नोंदवही पाहिली तर काहीतरी धागा मिळेल. टेबलावर काम करणारा कारकून फाइलीचा विषय बघतो. ती फाइलीची वाट बघू लागली होती. हा बदल तिच्यात कधी झाला ते मला सांगता येणार नाही, पण मला तो त्या दिवशी दिसला.

तहसीलदार साहेबांनी पंधरा दिवस दिले. पथकाला "शोध सुरू आहे" असं अंतरिम उत्तर गेलं.

काय केलं

१९८६ ची नक्कल अर्ज नोंदवही सापडली. नियमाप्रमाणे ती केव्हाच नष्ट व्हायला हवी होती. आमच्याकडे नाशनाची कारवाई वर्षानुवर्षं झालीच नव्हती म्हणून ती शिल्लक राहिली. इथे आमच्या आळसाचा फायदा झाला, हे नोंदवताना बरं वाटत नाही.

त्या अर्जापुढे शेऱ्यात लिहिलं होतं : "ब. ११२, सन ५२."

बस्ता ११२ हा जुना क्रमांक, १९९९ नंतर तो कुठे गेला याची कुठेच नोंद नव्हती. पण सविता दुसऱ्याच गोष्टीवर अडली. १९४३ चा जन्म बावन्नच्या वहीत कसा? मी म्हटलं, उशिरा नोंदवला असेल. तिने नक्कल पुन्हा वाचली. उशिराची नोंद असती तर शेऱ्यात तसं आलं असतं. दरम्यान शेजारच्या तालुक्यात फोन केला. त्यांच्याकडे या गावाची १९५२ ते १९६२ ची वही होती, १९९९ च्या यादीनुसार गेलेली. तीत १९४३ चं काही नव्हतं.

मग ती मामांच्या घरी गेली. मामा अंगणात तूर वाळत घालत होते. तिने तो शेरा उतरवून नेलेली चिठ्ठी दाखवली. मामांनी चष्मा न लावताच विचारलं, "कोणतं बावन्न?" आणि मग म्हणाले, "ताई, ते तुमचं बावन्न न्हाई. ते निजामाचं बावन्न हाय."

हैदराबाद संस्थानात कारभार फसली सनावर चाले. वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. फसली सनात ५९० मिळवले की त्या वर्षाच्या सुरुवातीचं इसवी सन येतं. १३५२ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४२ पासून पुढचं वर्ष. वहीचं उर्दू छापील मुखपृष्ठ फाटल्यावर कुणीतरी वरून चिठ्ठी लावली, चार आकडे लिहायचा कंटाळा केला आणि 'सन ५२' लिहिलं. १९८६ च्या नकलनविसाला फसली कळत होतं, त्याने नकलेत इसवी सन बरोबर घातलं. पुढच्यांना कळत नव्हतं. पुढच्यांत मीही आलो.

म्हणजे एकाच गावाच्या 'सन ५२' लिहिलेल्या दोन वह्या होत्या. १९९९ ला यादी करणाऱ्याने एक पाठवली. दुसरी कुठे?

मामांना ते माहीत नव्हतं, त्या वर्षी ते आजारपणाच्या रजेवर होते. पण यादी करताना एकच नोंद दोनदा दिसली तर माणूस काय करेल, असा विचार सविताने केला. तो दुसरी वही दुबार समजेल. दुबार कागद कुठे जातात? 'ड' मध्ये. ओल येणाऱ्या खोलीत खालच्या फळीवर नाशनासाठी काढून ठेवलेले गठ्ठे होते. चौथ्या गठ्ठ्यात वही मिळाली. कडा वाळवीने खाल्लेल्या, बांधणी सुटलेली, आतली पानं शाबूत. कायम ठेवायची वही वर्षभरात फाडायच्या ढिगात तेवीस वर्षं पडून होती.

वहीचे रकाने उर्दूत, नोंदी मोडीत. सविताला दोन्ही येत नव्हतं. इथे पुढचा निर्णय आला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड तोच. मुलाच्या वडिलांना घाई होती. मामांना मोडी अडखळत वाचता येत होती, नाव जुळत होतं. त्यांच्या वाचनावरून मराठी नक्कल लिहून देता आली असती. १९८६ मध्ये तसंच झालं होतं. सविता नाही म्हणाली. तिने पानाची छायाप्रत 'मुळाबरहुकूम' म्हणून प्रमाणित करायचा प्रस्ताव ठेवला. लिप्यंतर मोडी जाणकाराकडून वेगळं घ्यायचं, त्याच्या सहीने. आम्ही जे वाचू शकत नाही त्याच्या अर्थाखाली आम्ही सही करायची नाही. यात आठ दिवस गेले. जाणकाराने महिना 'खुरदाद' वाचला, म्हणजे एप्रिलच्या आसपासचा. त्यामुळे १३५२ मध्ये ५९० नाही, ५९१ मिळवायचे आणि साल १९४३. घाईत लिहिली असती तर आमच्या नकलेत १९४२ पडलं असतं आणि दोन नकलांत तिसराच वाद उभा राहिला असता.

पथकाने वही येऊन पाहिली. पंचनामा झाला. त्याच दिवशी २०१९ चं उत्तर रद्द करणारं पत्र निघालं. त्याचा मसुदा मी लिहिला.

नोंदवही सापडल्यावर काम संपलं असं मी धरून चाललो होतो. सविताने पुढचा दीड महिना मामांना आठवड्यातून दोनदा बोलावलं. ती एकेका रॅकपुढे उभी राहून विचारायची आणि लिहून घ्यायची. खोली, रॅक, फळी, बस्ता असा पत्ता, गाव, विषय, सालाचा आकडा जसा लिहिलाय तसा, आणि शेजारच्या रकान्यात ते साल फसली की इसवी. शेवटी एक रकाना होता, त्याला तिने 'का' असं नाव दिलं होतं. हा बस्ता इथे का आहे? "पाणी गळालं म्हणून हलवला", "एका अपिलासाठी काढला, परत आला तो इथे". मला तो रकाना सुरुवातीला हास्यास्पद वाटला. आता मी नव्या लोकांना आधी तोच दाखवतो.

बस्ता बाहेर जाईल तिथे पुठ्ठ्याची चिठ्ठी ठेवायची पद्धत सुरू झाली. कोणी नेला, कशासाठी, कोणत्या तारखेला. वरिष्ठांनी तोंडी मागवला तरी चिठ्ठी. ही एवढी साधी गोष्ट पाळायला लावणं तिला वही शोधण्यापेक्षा जड गेलं. नायब तहसीलदारांना "साहेब, चिठ्ठी" म्हणायला लिपिकाची जीभ रेटत नाही. एका साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून झापलंही. तिने दुसऱ्या दिवशी भरलेली चिठ्ठी फक्त सहीसाठी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सही केली.

निकाल

मुलाला वैधता प्रमाणपत्र मिळालं, पण प्रवेशाची मुदत उलटल्यावर. राखीव जागा गेली. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या शाखेत प्रवेश घेतला. वडिलांनी आमच्याविरुद्ध तक्रार केली नाही. का केली नाही, ते मी विचारलं नाही.

कार्यालयापुरता निकाल पुढच्या वर्षी दिसला. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक तहसीलीत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, कूळ नोंदवही, गाव नमुना १४, सगळं बाहेर काढायचं आणि रोज संध्याकाळी अहवाल पाठवायचा. आमच्याकडे १९४८ पूर्वीचे बस्ते कोणते, हे सविताच्या यादीतला फसलीचा रकाना चाळून निघालं. उर्दू आणि मोडी वाचणारे आले तेव्हा त्यांच्यापुढे बस्ते आधीच मांडलेले होते. यादीतून सुटलेले काही बस्ते त्याच काळात सापडले, म्हणजे यादी पूर्ण नव्हती. तिने ते शाईने खाली जोडले, मधे घुसवले नाहीत.

"उपलब्ध नाही" हे वाक्य आमच्या कार्यालयातून गेलं. आता उत्तर असं असतं : "अमुक गावाचे अमुक क्रमांकाचे बस्ते अमुक तारखांना तपासले. त्यात अर्जात नमूद केलेली नोंद आढळली नाही. १९९९ पूर्वीचं काही दप्तर शेजारील तालुक्याकडे वर्ग झालं असून तिथेही अर्ज करावा." चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. पण त्या लिहायच्या म्हणजे बस्ते खरंच उघडावे लागतात, मला या वाक्याचा मुख्य उपयोग तो वाटतो.

सविता आता पदोन्नतीवर दुसऱ्या शाखेत आहे. पुराभिलेख विभागाच्या वर्गात तिने मोडी शिकून घेतली. तिच्या जागी आलेल्या मुलाने पहिल्याच महिन्यात तिला एकदाही फोन न करता एक फेरफार काढून दिला. तिला थोडं वाईट वाटल्याचं तिने मला सांगितलं, आणि मग हसली.

वेगळं काय करता आलं असतं

२०१९ चं माझं उत्तर. अनुक्रमणिका पाहणं म्हणजे अभिलेख पाहणं नव्हे, हे मला नोकरीच्या बाविसाव्या वर्षी कळायला नको होतं. निदान अर्जदाराला "तुमच्याकडे जुना काही कागद आहे का?" एवढं विचारलं असतं तर ती १९८६ ची नक्कल तेव्हाच समोर आली असती.

मामा नोकरीत असताना त्यांच्याजवळ कुणी वही-पेन घेऊन बसलं नाही. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना चहा आणि बिस्किटांवर दीड महिना राबवलं. ते आनंदाने आले, तरी ते बरोबर नव्हतं. शेवटच्या सहा महिन्यांत त्यांच्या हाताखाली एक लिपिक देणं कुणालाही जमलं असतं.

सविताच्या चुकाही आहेत. पहिल्या उत्साहात तिने चाळीसेक बस्त्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या, छापील चिकटवल्या. 'सन ५२' ची चिठ्ठी अशीच काढून टाकली गेली असती तर? तो धागाच तुटला असता. तिच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने थांबवलं. आता नवी चिठ्ठी शेजारी लागते, जुनी आहे तिथेच राहते. पण त्या चाळीस गेल्या त्या गेल्या.

स्कॅनिंगचंही बोललं पाहिजे. आमच्याकडे काही जुन्या अभिलेखांचं स्कॅनिंग आधीच झालं होतं आणि फाइलींना नावं बस्त्यावरच्या चिठ्ठीवरून पडली होती. फसलीच्या आणखी दोन वह्या संगणकात इसवी सनाच्या नावाने बसल्या आहेत. कापडाच्या बस्त्यातली चूक निदान पिवळी पडते, बघणाऱ्याला शंका येते. पडद्यावर ती कोरी करकरीत दिसते. नाव दुरुस्त करायचा अधिकार तालुका पातळीवर नाही, प्रस्ताव वर गेला आहे.

नाशनाच्या बाबतीत आम्ही अजून चाचपडतो आहोत. 'ड' चा प्रत्येक गठ्ठा दोघांनी उघडून पाहिल्याशिवाय नष्ट करायचा नाही, असं ठरलं. ते योग्यच. पण त्यामुळे नाशन इतकं मंदावलं की ओलीच्या खोलीतली खालची फळी पुन्हा भरत आली आहे. सविताचं म्हणणं, भरू द्या. मला ते पटत नाही. जागा नसली की पुढचा माणूस एका दुपारी डोळे मिटून सगळं काढेल, आणि त्या दुपारी तिथे सविता नसेल.

शेजारच्या तालुक्याला १९९९ ची यादी दोन्ही बाजूंनी मिळून तपासू या, असं पत्र २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेलं. त्यानंतर दोन स्मरणपत्रं झाली. उत्तर अजून आमच्या आवक नोंदवहीत नाही.